बिनकाट्याचा हलवा

"खिडकी लावू नकोस," आई म्हणाली. "आत्ता कुठे काटा धरतोय."

मी खिडकीपाशी शाल लपेटून उभी होते आणि माझे दात वाजत होते. पौषातली पहाट, त्यात निफाड. आमच्या गावच्या थंडीचं नाव दरवर्षी रेडिओवर निघतं आणि आम्हाला त्याचा उगाचच अभिमान वाटतो. बाहेर इतकं धुकं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती, नुसती तिच्यापुढची पणती दिसत होती. गार वारा खिडकीतून आत शिरत होता आणि थेट आईच्या परातीवरून जात होता. आईला तेच हवं होतं.

शेगडीतले निखारे राखेखाली झोपवलेले होते. त्यावर कल्हईची परात, परातीत साबुदाणे, आणि साबुदाण्यांवर आईची बोटं. शेजारच्या वाटीतला साखरेचा पाक ती चमच्याने जेमतेम दाणे ओले होतील इतकाच सोडायची आणि मग बोटांनी ते दाणे गोल गोल फिरवत राहायची. पाक सुकला की पुन्हा थोडा. ऊन वर आलं की परात झाकून ठेवायची, दुसऱ्या पहाटे पुन्हा बसायचं. असं करता करता साखर दाण्यावर चढत जाते आणि एखाद्या पहाटे तिला बारीक बारीक टोकं फुटतात. तोच काटा. त्याच्याशिवाय संक्रांतीच्या हलव्याला हलवा कुणी म्हणत नाही. विस्तव वाढला, हवा कोंडली, हात घाईला आला, की काटा रुसतो आणि परातीत गुळगुळीत गोट्या राहतात. आमच्या घरात काटा आईच्या हाताला यायचा आणि कुंदाताईच्या. माझ्या हाताला कधी आला नाही. एका जागी बसणं माझ्या कुंडलीतच नाही.

"कुणासाठी चाललंय एवढं?" कुंदाताईने मागून विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नव्हतं.

"पाटणकरांच्या घरी नवी सून आली आहे ना, त्यांच्या पुतण्याची बायको. तिचे दागिने करायचेत," आई मान वर न करता म्हणाली.

ताईने परातीतला एक दाणा उचलला, खिडकीतल्या अंधुक उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला. "नशीबवान आहे," एवढंच म्हणाली आणि दाणा परत ठेवून आत गेली. आईची बोटं क्षणभर थांबली होती. ती पुन्हा फिरू लागली, पण आई माझ्याकडे पाहत नव्हती. पाटणकरांचं नाव खोटं होतं हे आम्हा दोघींनाच ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती.

कुंदाताई माझी थोरली बहीण. वैशाखात तिचं लग्न लासलगावच्या पद्माकर भावोजींशी झालं होतं. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. घरात ते आणि त्यांचे वडील, नाना. सासू लग्नाआधीच वारलेली. तेव्हा सगळ्यांनी ताईला नशीबवान ठरवलं होतं. सासुरवास नाही, नणंद नाही, राणीसारखं राहायचं. पण नाना कानाने अधू आणि भावोजी मुलखाचे अबोल. ताई दिवाळीला माहेरी आली ती मुक्काम लांबवतच गेली. एकदा मला म्हणाली, "तिकडे रेडिओ बोलतात, निमे. माणसं बोलत नाहीत." सहा महिने नांदून आली तरी सासरला ती 'तिकडे'च म्हणायची.

दिवाळीनंतर भावोजी एकदा येऊन गेले होते. पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला, चहा घेतला, "बरं आहे ना?" असं सगळ्यांना मिळून एकदाच विचारलं, आमचा खरखरणारा रेडिओ उघडून दुरुस्त केला आणि शेवटच्या गाडीने परत गेले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची बॅग भरलेली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी 'चल' म्हटलं नाही, तिने 'येते' म्हटलं नाही. त्या संध्याकाळी रेडिओवर फार सुरेख गाणी लागली आणि ताईने तो बंद करायला लावला.

मग मार्गशीर्ष संपता संपता तिने आईला आपला निर्णय सांगितला. ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, आवाज अगदी साधा. पहिली संक्रांत आहे, म्हणाली. सासरची माणसं नव्या सुनेला काळी साडी नेसवतात, हलव्याचे दागिने घालतात. ते सगळं घेऊन मला न्यायला आले तर मी जाईन. नाही आले तर मी तिथे कुणाला नकोच आहे असं समजेन आणि पुन्हा जाणार नाही.

"अगं, त्या घरात बाई आहे का कुणी?" आई म्हणाली. "कोण करणार हे सगळं?"

"ते मी कशाला सांगू?" ताई म्हणाली.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, नोकरीपायी मनमाडला असायचे आणि रविवारचे घरी यायचे. त्यांच्या कानावर आईने काही घातलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी साबुदाणा निवडायला घेतला. आई तोंडाने कमी आणि हाताने जास्त विचार करणारी बाई होती, त्यामुळे तिच्या मनात काय आहे ते मला परात बघूनच कळलं. सगळे दागिने आपणच करायचे, गुपचूप लासलगावला पोचवायचे आणि संक्रांतीला नानांनी ते आपले म्हणून घेऊन यायचे. "विहिणीच्या जागी विहीणच नाही," ती मला म्हणाली. "मग मीच होते दोन्हीकडची. काय बिघडलं?"

मलाही त्यात काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. दुपारी ताई निजली की आम्ही माजघराचं दार लोटून दागिने ओवायचो. हलव्याच्या दाण्याला भोक पाडत नाहीत. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा धरायचा आणि गाठ ओढायची, काटा मोडू न देता. हार झाला, तन्मणी झाला, बांगड्या, बाजूबंद, बिंदी झाली. कंबरपट्टा आईने एकटीने केला. जावयासाठी चालीप्रमाणे एक वेगळा हार आणि नारळ. त्या दुपारी आठवतात त्या अशाच, दार लोटलेलं, फटीतून एक उन्हाची पट्टी जमिनीवर, आमच्या मांड्यांवर पांढरे पांढरे दागिने आणि आईच्या बोटांना येणारा वेलदोड्याचा वास. मला त्या वेळी वाटायचं, संसार जमवायला एवढंसं पुरत असेल तर किती छान.

संक्रांत चार-पाच दिवसांवर आली तशी आईने सगळं बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरलं. तळाला ताईचे दागिने, मध्ये कागद, वर जावयाचा हार आणि नारळ. मला मैत्रिणीकडे जाते असं सांगायला लावलं आणि पहाटेच्या एसटीत बसवलं. डबा धोतराच्या कापडात गुंडाळून, वर शाल पांघरून मी मांडीवर घेतला होता, कारण धुक्याची ओल लागली की काटा बसतो. लासलगावच्या रस्त्यावर कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. धुक्यातून एकेक बैलगाडी यायची, बैलांच्या तोंडाच्या वाफा दिसायच्या आणि पुन्हा सगळं पुसून जायचं. मी डबा पोटाशी धरून बसले होते. बहिणीचा संसार मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटत होतं आणि त्याची मला थोडी ऐटही वाटत होती.

दुकान बंद होतं. मी मागच्या बाजूला गेले. गल्लीत हातपंपावर बायकांची गर्दी, आणि या घराच्या मात्र सगळ्या खिडक्या बंद. कडी वाजवून वाजवून हात दुखला तेव्हा नानांनी दार उघडलं. आतून जळक्या साखरेचा वास आला.

भावोजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. बाह्या दुमडलेल्या, समोर विजेची शेगडी, तिच्यावर एक जुनी पितळी परात. मला पाहताच त्यांनी शेजारचं वर्तमानपत्र ओढलं आणि परातीवर टाकलं. वर्तमानपत्राचा कोपरा शेगडीच्या तारेला टेकला आणि धूर निघाला, तेव्हा ते त्यांना पुन्हा उचलावं लागलं. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. परातीत हलवा होता. म्हणजे व्हायचा प्रयत्न करत होता. तपकिरी, खडबडीत, कुठे दोन-तीन दाणे एकमेकांना चिकटलेले, आणि काट्याचा पत्ता नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वायरींना लावतात ती.

"तू बघितलंस," ते म्हणाले. "आता सांगशील."

"काय सांगू?"

"मला येत नाही म्हणून."

मी हसणार होते. माझा स्वभाव तसाच आहे, हसू आधी येतं आणि अक्कल मागून. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आलं नाही. बाहेरच्या खोलीत कुठला तरी उघडा रेडिओ हळू आवाजात बाजारभाव सांगत होता.

नाना मात्र खुशीत होते. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते सगळ्यांशी मोठ्याने बोलत. "महिना झाला पोरी, आम्ही दोघं हलवा पितोय!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पेला दिला. बिघडलेला हलवा टाकायचा कसा, म्हणून ते तो गरम दुधात विरघळवत, वर जायफळ किसून घालत. मी घोट घेतला. साखर किंचित करपलेली, तळाशी साबुदाणा मऊ झालेला. बाहेरच्या गारठ्यातून आल्यावर ते इतकं चांगलं लागलं की मी पेला दोन्ही हातांनी धरून बसले आणि काही बोलावंसंच वाटेना. डबा माझ्या मांडीवर होता.

भावोजी आपणहून बोलू लागले. परात त्यांच्या आईची, माळ्यावर पडली होती. या घरात नवी सून घरी केलेलाच हलवा घालते, असं नाना सांगत आले होते. "आई नाही, म्हणून तिला विकतचा घालायचा, हे मला बरं वाटलं नाही," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मग हे तिला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. "दिवाळीनंतर आलात, रेडिओ दुरुस्त केलात आणि गेलात."

ते बराच वेळ परातीतले दाणे हलवत राहिले. "मी आलो तेव्हा ती आत तुझ्याशी बोलताना हसत होती," ते म्हणाले. "इथे हसत नाही. चल म्हणायला तोंड उघडेना."

माझा हात डब्याच्या झाकणावर होता. नुसतं झाकण काढायचं, आईचा निरोप सांगायचा आणि उठायचं. शुभ्र, काटेरी, निफाडच्या थंडीतला हलवा. तो पाहून गल्लीतल्या बायका तोंडात बोटं घालतील आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ताई या घरात येईल. आणि समोर हे, भाजलेल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी. हे पाहून ताई काय म्हणेल ते सांगता येत नव्हतं. मला भीती वाटली, खरंच वाटली. पण हा डबा मी उघडला की हा माणूस ती परात उचलून माळ्यावर ठेवून देईल आणि पुन्हा कधी काढणार नाही, हेही मला स्वच्छ दिसत होतं.

मी झाकण अर्धवट उचललं, वरचा जावयाचा हार आणि नारळ काढला आणि झाकण पुन्हा लावलं. "हे तुमच्यासाठी," म्हटलं. "आईने दिलंय. संक्रांतीचं."

त्यांनी हार तळहातावर घेतला. मग आतून भिंग आणलं, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, आणि एकेक दाणा पाहू लागले. "काटा कसा येतो हा?" त्यांनी विचारलं.

"मला येत नाही. ताईला येतो," मी म्हणाले. "पण एक माहीत आहे. कोंडलेल्या हवेत येत नाही. खिडकी उघडी लागते."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडे हातपंपाचा आवाज आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "गल्ली बघेल," ते म्हणाले.

"बघेल की," मी म्हणाले आणि उठले.

घरी परतल्यावर आईने डबा हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर फार चिडली. तिने मला मागच्या अंगणात नेलं, ताईला ऐकू जाऊ नये म्हणून. "तुझ्या लहरीवर तिचा संसार टांगून आलीस?" ती म्हणाली. उद्या मी स्वतः जाते असंही म्हणाली. मग थोड्या वेळाने, पदराने हात पुसत, तिने विचारलं की त्यांच्या हाताला काटा येतोय का. मी नाही म्हटलं. खिडकी? बंद होती, मी सांगितलंय उघडायला. आई धुण्याच्या दगडावर बसली. तिथे ती इतका वेळ बसली की मला वाटलं रडते आहे, पण रडत नव्हती. "राहू दे," शेवटी ती म्हणाली. डबा तिने फडताळात अगदी वर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती लासलगावला गेली नाही, आणि पुढचे दिवस आम्ही दोघी एकमेकींची नजर चुकवत वावरलो.

संक्रांत आली. दुपारपासून घरी हळदीकुंकू. ताई साध्या निळ्या साडीत सगळ्यांना तिळगूळ देत होती, वाण लुटत होती, आणि प्रत्येक एसटीच्या आवाजाला तिचा हात थबकत होता. आपण तो थबकू दिला नाही असं तिला वाटत असावं. लासलगावची दुपारची गाडी येऊन गेली. पुढचीही गेली. पाटणकर काकूंनी दोनदा विचारलं, जावई कधी येणार? आई म्हणाली, येतीलच. मी फडताळाकडे पाहायची आणि मनात स्वतःला शिव्या द्यायची.

दिवेलागणीला ते आले. पुढे नाना, मागे भावोजी, हातात रेडिओचं खोकं. बायका बाजूला सरल्या. भावोजींनी खोकं आईपुढे ठेवलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आत घडी केलेली एक जुनी काळी चंद्रकळा होती, त्यांच्या आईची. आणि तिच्यावर दागिने. तपकिरी, गोल, गुळगुळीत. दोऱ्यात नाही, रेडिओतल्या तांब्याच्या बारीक तारेत गुंफलेले. ताईने ते खोकं उचललं आणि आतल्या खोलीत गेली. जाता जाता तिने मला डोळ्यांनी बोलावलं.

आत ती खाटेवर बसली आणि हार मांडीवर घेतला. एकेका दाण्यावरून तिने बोट फिरवलं, सुरुवातीपासून, आंधळ्या माणसासारखं सावकाश. मग हाराच्या मध्यावरच्या पदकापाशी तिचं बोट थांबलं. तिने हार दिव्याजवळ धरला. पदकातले थोडेसे दाणे इतरांहून पांढरे होते, आणि त्यांना काटा होता. अगदी कोवळा, नुकता फुटलेला, पण काटा.

"हे आधीचे," ती हार दाखवत म्हणाली. "दार-खिडक्या लावून केलेले. आणि हे शेवटचे." तिने माझ्याकडे पाहिलं. "खिडकी उघडायला कुणी सांगितलं, निमे?"

मी उगाच चंद्रकळेची घडी सारखी करू लागले.

"आईचा डबा कुठे आहे?"

"कुठला डबा?"

"पाटणकर काकूंना मी त्याच दिवशी विचारलं होतं. त्यांच्या पुतण्याचं लग्न अजून ठरायचंय." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "आईचा काटा मला अंधारातही ओळखू येतो. तू डबा घेऊन निघालीस तेव्हा मी जागी होते. ठरवलं होतं, तेच दागिने परत आले तर मी ते घालीन, चारचौघांत आईचं हसू करणार नाही. पण जाणार नाही. कधीच नाही."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. बाहेर नाना मोठ्या आवाजात आईला सांगत होते आणि सगळी बैठक ऐकत होती, की शेवटचे दोन दिवस अख्खी गल्ली खिडकीशी उभी होती, बायकांनी पोराला काय काय नावं ठेवली, पण हा गडी मान वर करून बघेल तर शपथ. ताई ऐकत होती. मग तिने चंद्रकळा उलगडली.

ती बाहेर आली तेव्हा दिवे लागले होते. काळ्या साडीवर ते तपकिरी दागिने, तांब्याची तार मध्येच चमकणारी, आणि गळ्याशी मधोमध तेवढे चार पांढरे दाणे. ती भावोजींच्या समोरून गेली आणि त्यांनी मान खाली घातली. पाटणकर काकूंना राहवलं नाही.

"अगं कुंदे, हलवा आहे की फुटाणे? काटा कुठाय याला?"

"आमच्याकडचा असाच असतो, काकू," ताई म्हणाली. "घालून बघा हवं तर. टोचत नाही."

आईने हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं आणि कुंकू नीट करायच्या निमित्ताने वाकून राहिली. भावोजींनी मान वर केली होती. त्यांच्या बोटांवर अजून ती काळी चिकटपट्टी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोघं उभे होते. बॅग ताईच्या हातात, खोकं त्यांच्या. नाना पुढे स्टँडवर गेले होते. भावोजींनी घसा साफ केला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, झालं, आता हे रेडिओ दुरुस्त करायला बसणार.

"चला," ताईच म्हणाली. "घरची खिडकी उघडीच टाकून आलात ना?"

"हो," ते म्हणाले.

"हिवाळा आहे अजून थोडा. परात काढून ठेवा, मी दाखवते." आणि दोघं धुक्यात गेले. ते दिसेनासे झाल्यावरही त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तिचं जास्त, त्यांचं मधूनमधून.

फडताळातला डबा आम्ही ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काढला. असला हलवा गावात कुणी केला नव्हता, पण तो आता कुणाला दाखवायची सोय नव्हती. मग आई आणि मी पहाटेच्या चहाबरोबर तो खात गेलो. आधी बांगड्या संपल्या, मग बाजूबंद, मग तन्मणी. रथसप्तमीपर्यंत नुसता कंबरपट्टा उरला. त्या दिवशी आईने त्यातला एक दाणा सोडवून तोंडात टाकला, थोडा वेळ गालात धरला आणि गाल चोळला.

"टोचतो गं माझा," ती म्हणाली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.